समाचाराला जाण्याची आपली रीत

प्रतिवर्षी स्मरणिका हाती पडली म्हणजे वाचक प्रथम कोणते पान उघडतो, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. उपवर मुलामुलींच्या याद्या, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे, देणगीदारांची नावे या पानांना वाचकांची वाण नाही. परंतु वयस्क ज्ञातिबांधव हळूच शेवटाकडे वळतात आणि वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांच्या यादीवर बोट ठेवून एकेक नाव वाचतात. "अरे, हे गेले? आम्हांस कळलेच नाही!" हे उद्गार आम्ही कितीदा ऐकले असतील! कळले असते, तर समाचाराला गेलो असतो, असेही त्यास जोडून म्हटले जाते. ते खरेच असते. पण तेथे जाऊन आपण काय बोललो असतो, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांची जीभ अडखळेल. दुःखिताच्या घरी जाऊन त्याला धर्माचा आधार द्यावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, याविषयी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ विचार केला होता. त्या विचाराचा इतिहास, विशेषतः श्रीनामदेवरायांच्या कुळाचे म्हणविणाऱ्या आपल्या शिंपी समाजाशी त्याचा जो संबंध येतो तो, येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा विषय आरंभीच आला आहे. दहनानंतर आप्तांनी मृताला जलदान करावे, पाण्यातून बाहेर यावे आणि कोवळ्या हिरवळीवर बसावे. मग वडीलधाऱ्यांनी त्यांना जुने इतिहास सांगून त्यांचा शोक हलका करावा, अशी तेथे आज्ञा आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. सांत्वन ही मृताच्या घरी सवडीने जाऊन करावयाची गोष्ट नसून ती अंत्यसंस्काराचाच एक भाग आहे, असे स्मृतिकार मानतो. ओल्या वस्त्रांनिशी नदीकाठी बसलेल्या माणसांना घरी नेण्यापूर्वी कोणीतरी त्यांच्याशी बोलले पाहिजे. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळी, कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, आपल्या सोलापूर-धाराशिवच्या शेजारी. मिताक्षरा म्हटली की आपल्याकडे वडिलोपार्जित इस्टेटीचे दावे आठवतात. त्याच ग्रंथात शोकाकुलाशी कसे बोलावे हेही आहे, याची आठवण मात्र कोणा वकिलाने करून दिल्याचे आम्ही ऐकले नाही.

पुढचा विधी वाचताना तर आपल्याच गल्लीतील दृश्य डोळ्यांसमोर उभे राहते. घरी परतताना मुलांना पुढे घालावे, दाराशी कडुनिंबाची पाने चावावीत, आचमन करावे, अग्नी, पाणी, शेण, पांढऱ्या मोहऱ्या यांना स्पर्श करावा, दगडावर पाऊल ठेवून सावकाश घरात शिरावे. स्मशानातून आल्यावर निंबाचा पाला चावण्याची चाल महाराष्ट्रात खेडोपाडी आहे. ती किमान पंधराशे वर्षांची आहे, हे चावणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. मुले पुढे का, याचे कारण मूळ श्लोकात दिलेले नाही. आम्हांस वाटते की मागे वळून पाहू पाहणाऱ्या बापाला लेकराच्या पाठोपाठ चालणे भागच पडते. आणखी एक नियम असा की, सुतकात त्या कुटुंबाने विकत घेतलेले किंवा दुसऱ्याने दिलेले अन्न खावे. चूल न पेटलेल्या घरी शेजारीण पिठले-भात घेऊन येते आणि नको नको म्हणणाऱ्या सुनेच्या तोंडात बळेच कडू घास घालते, तेव्हा ती नकळत याज्ञवल्क्याची आज्ञाच पाळीत असते. शास्त्र मागाहून आले की शेजारीण आधी, हा वाद पंडितांनी करावा.

आता हे जुने इतिहास म्हणजे कोणते? महाभारतात त्यांचा नमुना आहे. सृंजय राजाचा मुलगा अकाली मरण पावला, तेव्हा नारदाने त्यास सोळा राजांच्या कथा सांगितल्या. मरुत्त, भगीरथ, दिलीप, मांधाता, अंबरीष, रंतिदेव, प्रत्यक्ष रामचंद्र; एकाहून एक पुण्यवान, एकाहून एक वैभवशाली, आणि अखेर सर्व गेलेच. युद्धानंतर राज्य नको म्हणणाऱ्या युधिष्ठिरालाही हीच आख्याने ऐकविण्यात आली. स्त्रीपर्वात शंभर पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राजवळ विदुर बसतो आणि विहिरीत लोंबकळत मधाचे थेंब चाटणाऱ्या माणसाचे दृष्टांतरूप सांगतो. या सर्व कथांचा हेतू एकच. दुःख तुझ्या एकट्याच्या दारी आलेले नाही.

परंतु महाभारतकार भोळा नव्हता. शांतिपर्वात भीष्मांनी सांगितलेली गिधाड आणि कोल्हा यांची गोष्ट आपल्या कीर्तनांत फारशी येत नाही, म्हणून येथे विस्ताराने देतो. एका घरचे एकुलते लहान मूल गेले. आप्त त्याला स्मशानात घेऊन आले. पण त्याला सोडून जाण्यास कोणाचे पाऊल निघेना. तेथील गिधाड पुढे होऊन मोठ्या ज्ञानाच्या गोष्टी बोलू लागले. जन्मास आलेला जाणारच, काळापुढे कोणाचे चालत नाही, सूर्य मावळण्यापूर्वी घरी जा. आप्त निघाले, तोच कोल्हा आडवा आला. इतक्यात माया आटली काय, असे तो म्हणाला. अजून सूर्य आहे, मूल कदाचित जिवंतही होईल, थांबा. ते परत फिरले. असे पुनःपुन्हा घडले. दोघांचाही उपदेश शास्त्राला धरून आणि दोघांचेही शब्द गोड. मात्र गिधाड दिवसा खाते म्हणून त्याला माणसे लवकर जावयास हवी होती आणि कोल्ह्याचा अंमल रात्रीचा म्हणून त्याला ती अंधार पडेपर्यंत तेथेच हवी होती. अखेर भगवान शंकर प्रकट झाले आणि मूल जिवंत झाले, असा कथेचा शेवट आहे. आपल्या घरांत शंकर प्रकट होत नाहीत. बाकीचे दोघे मात्र येतात. सातबाराच्या उताऱ्याची चौकशी करीत डोळे पुसणारा भाऊबंद आणि दानाची यादी वाढवीत वैराग्य सांगणारा उपाध्याय यांना ज्याने पाहिले नाही, असा वाचक विरळा.

याज्ञवल्क्याच्या उपदेशात एक कठोर वाक्य आहे. आप्तांनी ढाळलेले अश्रू मृताला निरुपायाने प्राशन करावे लागतात, म्हणून रडू नये, क्रिया कराव्या, असा त्याचा आशय. आपल्याकडे वडील मंडळी "रडू नको, त्याच्या जिवाला त्रास होतो" असे सांगतात, त्याचे मूळ येथे आहे. हेतू चांगला असेल. कोणी सांभाळले नाही तर शोक माणसाला गिळतो, हे स्मृतिकार जाणून होता. पण रडणाऱ्याला अपराधी ठरविणारे सांत्वन आमच्या मनाला कधी पटले नाही, आणि न पटण्याचे कारण आमच्याच कुलदैवतासमान संताने दाखवून दिले आहे.

ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये. तिच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाच्या शोकाचे आणि आत्म्याच्या अमरत्वाचे जे विवरण आहे, त्याहून मोठे सांत्वन मराठीत झाले नाही. पुढे सहाच वर्षांनी, शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, ते विवरण करणारे ज्ञानदेव आळंदीस इंद्रायणीकाठी समाधिस्थ झाले. त्या प्रसंगाचे वर्णन नामदेवांच्या गाथेत समाधीच्या अभंगांतून आले आहे. आत्मा मरत नाही हे ज्यांनी साक्षात ज्ञानदेवांच्या मुखातून ऐकले होते, ती सर्व संतमंडळी तेथे जमली होती, आणि ती रडत होती. कोणी कोणास थांबविले नाही. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरूही. ज्यांनी ज्ञान दिले, त्यांच्याच मनाचा बांध फुटल्याचे नामदेव सांगतात. देव आणि निवृत्ती यांनी ज्ञानदेवांचे दोन्ही हात धरून त्यांना समाधिस्थानी नेले आणि शिळा बसविण्याचे काम त्या थोरल्या भावाच्याच वाट्यास आले. पुढे वर्ष उलटण्याच्या आत सोपानदेव सासवडास, मुक्ताबाई तापीतीरी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, अशी चारही भावंडे गेली. या सर्वांच्या जाण्याचे वर्णन आपल्याला नामदेवांच्या नावाने मिळते. ज्ञानेश्वरीतील उत्तर खोटे होते म्हणून ही माणसे रडली, असे कोणी म्हणणार नाही. उत्तर ठाऊक असूनही अश्रू येतात, आणि ते देवाच्या समोर आले तरी चालतात, ही गोष्ट आपल्या शिंप्याने मराठी भाषेला सांगितली. किंबहुना त्या अभंगांत पांडुरंग स्वतः सद्गदित झालेला आहे.

त्याच प्रकरणात एक लहानसा उल्लेख आहे, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. नारा, विठा, गोंदा, महादा या नामदेवांच्या चार पुत्रांनी समाधीची जागा साफ केली, असे तेथे म्हटले आहे. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२ चा. म्हणजे त्या वेळी त्यांचे वय सव्वीस. मग हातात झाडू धरण्याजोगे चार मुलगे कोठून आले, असा हिशेब एखादा चिकित्सक वाचक काढील. तो योग्यच आहे. गाथेत पुढच्या काळातील 'नामा' नावाच्या कवींची रचना मिसळली आहे, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे आणि ते नाकारण्यात भक्ती नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हे अभंग ज्यांनी शतकानुशतके गाइले, त्यांना त्या दुःखाच्या प्रसंगी नामदेवांची मुले उपदेश करताना दिसली नाहीत. जमीन झाडताना दिसली.

दुसरा प्रसंग मंगळवेढ्याचा. शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. ढिगारा उपसून अस्थी कोण काढणार, आणि इतक्या जणांतून चोखोबांच्या कोणत्या हे कोण ओळखणार? नामदेव मंगळवेढ्यास गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या त्यांनी उचलल्या, पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली, अशी परंपरा आहे. त्या महाद्वाराच्या पायरीखाली पुढे नामदेवांनी स्वतःसाठी जागा मागून घेतली. ज्यांची सावली टाळली जात होती, त्या महार समाजातील संताच्या अस्थी आपल्या पूर्वजाने पदरात घेतल्या. सोयराबाई, कर्ममेळा, निर्मळा, बंका या चोखोबांच्या गोतावळ्याला त्या दिवशी ग्रंथातील वचनापेक्षा हे कृत्य काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. आम्ही या कथेचा अभिमानाने उच्चार करतो. परंतु आपल्या वाड्यात वर्षानुवर्षे झाडलोट करणाऱ्या माणसाच्या घरी मृत्यू झाला असता त्याच्या ओसरीवर जाऊन बसलेले ज्ञातिबांधव किती, हे ज्याचे त्याने मोजावे. आमची स्वतःची मोजदाद समाधानकारक नाही.

आपला पिढीजात धंदा कापडाचा. त्यामुळे मृत्यू आपल्या दुकानावरूनच जातो. अपरात्री दार वाजले आणि बाहेर दोघे-तिघे गप्प उभे असले म्हणजे काय हवे ते विचारावे लागत नसे. पांढरे कोरे कापड फाडून द्यावयाचे, भावाची घासाघीस दोन्ही बाजूंनी करावयाची नाही, हा जुन्या पेठांतील दंडक होता. आयुष्यभर लोकांच्या अंगाला शिवून देणाऱ्या आम्हांस हे एकच वस्त्र न शिवता द्यावे लागते. तेराव्याला सोयऱ्यांनी आणावयाची टोपी, उपरणे, लुगडे हा दुखवट्याचा आहेरही आपल्याच दुकानातला. पेशवाईच्या कागदपत्रांत सरदार वारला असता त्याच्या वारसाला दरबारातून दुखवट्याची वस्त्रे पाठविल्याचे उल्लेख येतात. ती मोठ्यांची रीत आणि ही आपली. अंगावर नवे कापड घालून माणसाला पुन्हा चारचौघांत आणावयाचे, हा दोहोंचा अर्थ.

या ठिकाणी घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे वडील आश्विन महिन्यात गेले. दिवाळी तोंडावर आलेली. दुकानात कापून ठेवलेले सदरे, पोलकी, लहान मुलांची झबली यांचे गठ्ठे तसेच पडलेले, आणि सुतकामुळे मशीन बंद. समाचाराला पुष्कळ माणसे आली. कोणी आयुष्याची दोरी सांगितली, कोणी प्रारब्ध सांगितले, एका गृहस्थांनी तर आमच्या आईसमोर, आणखी चार दिवस आधी मोठ्या दवाखान्यात नेले असते तर, असेही बोलून घेतले. तिसऱ्या दिवशी पेठेतील दुसरे एक शिंपी आले. त्यांचे आणि वडिलांचे धंद्यावरून फारसे पटत नसे. ओटीवर ते बराच वेळ बसले. मग त्यांनी मापाची वही मागितली, गठ्ठे मोजून घेतले आणि जाताना "रामकृष्णहरी" एवढेच म्हणाले. धनत्रयोदशीच्या सायंकाळी ते पुन्हा आले. सारे कपडे शिवून, काज-बटणे करून, इस्त्री करून गिऱ्हाइकांना पोचते झाले होते, आणि शिलाईचे पैसे रुमालात बांधलेले होते. कारागिरांची मजुरीही त्यांनी त्यांतून कापली नव्हती. आई पुढे पस्तीस वर्षे जगली. समाचाराला कोण काय बोलले यातले तिला काही आठवत नसे. त्या रुमालाचा रंग आठवत असे.

धार्मिक वाचनाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. दहा दिवस गरुडपुराण लावण्याची चाल अनेक घरांत आहे. त्याच्या प्रेतखंडातील यमयातनांची वर्णने ऐकताना, काल ज्याची आई गेली त्याच्या मनात काय उमटत असेल? दानधर्माला प्रवृत्त करणे हा त्या वर्णनांचा हेतू असेल. पण भयाने दिलेला दिलासा टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्याऐवजी गीतेचा दुसरा आणि पंधरावा अध्याय, रात्री हरिपाठ, आणि जमलेच तर नामदेवरायांचे समाधीचे अभंग, असा क्रम काही घरांनी धरला आहे. तो आम्हांस अधिक रुचतो. भजनी मंडळ आले की बोलावयाचे काय हा प्रश्नच उरत नाही. टाळ हाती देता येतो.

खर्चाची बाजू त्याहून कडवट आहे. तेराव्याच्या पंगतीसाठी काढलेले कर्ज फेडता फेडता मुलाचे शिक्षण सुटले, अशी उदाहरणे आपल्या समाजात होती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, त्यामागे पुरोहितावाचून आणि अवाच्या सव्वा खर्चावाचून संस्कार व्हावेत हाही हेतू होता. गाडगे महाराजांनी खेड्याखेड्यांतील कीर्तनांतून ऋण काढून सण आणि पंगती करणाऱ्यांस खडसावले. कोकणात कीर्तन चालू असता त्यांना आपला मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता कळली आणि तरीही त्यांनी कीर्तन थांबविले नाही, ही हकिकत सर्वश्रुत आहे. ती थोरवी वंदनीय खरी. पण ती सांगून दुसऱ्याच्या डोळ्यांतील पाणी थांबविण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. बाबांनी ती कसोटी स्वतःला लावली होती.

विधवेच्या बाबतीत तर आपल्या समाचाराने सांत्वनाऐवजी शिक्षाच केली. शोकाच्या पहिल्याच प्रहरात तिच्या बांगड्या फोडावयाच्या, कुंकू पुसावयाचे, आणि हे करणाऱ्या बायाच पुन्हा तिला धीर धर म्हणणार! कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सुचविले. आपल्या मंडळांनी ठराव होण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. समाचाराला जाणाऱ्या चार वडीलधाऱ्या बायकांनी दारात उभे राहून "नको" म्हटले असते तरी पुरे होते. काही गावी त्यांनी तसे म्हटलेही.

साथीच्या काळात मात्र ही सर्व रीतच तुटते. १८९६ नंतरचा प्लेग, १९१८ ची मानमोडी यांच्या आठवणी जुन्या माणसांकडून ऐकल्या होत्या. पुढे २०२० आणि २०२१ साली ते आपणही पाहिले. अंत्ययात्रेस वीस माणसांची मर्यादा, तीही कित्येकदा लाभली नाही. निंबाचा पाला घेऊन दारी उभे राहणारे कोणी नाही, पिठले-भात आणणारी शेजारीण स्वतःच अंथरुणावर. दूरध्वनीवर माणसे रडली आणि पलीकडून नुसते ऐकले गेले. त्या दोन वर्षांतील नावांची यादी आपल्या स्मरणिकांत किती पाने व्यापून आहे, ते जुने अंक काढून पाहावे. त्यांतील अनेकांच्या घरी आपण अद्याप गेलेलो नाही. समाचाराला मुदत असते, असे आम्हांस कोठे आढळले नाही.

आळंदीस कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांच्या समाधीचा सोहळा होतो. त्या दिवशी तेथील कीर्तनाचा मान नामदेवरायांचे वंशज नामदास महाराजांच्या घराण्याकडे आहे. विषय ठरलेला, अभंग ठरलेले. ऐकणाऱ्यांना पुढचा शब्द आधीच ठाऊक. तरीही निवृत्तिनाथ शिळेपाशी येतात त्या जागी कीर्तनकाराचा आवाज भरून येतो, आणि मंडपात बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. घटनेला सातशेहून अधिक वर्षे लोटली. "रडू नका" असे तेथे अजून कोणी कोणास म्हणत नाही. माध्यान्ही घंटा वाजते, समाधीवर फुले पडतात आणि मग मंडळी उठून एकमेकांच्या पाया पडतात.